लडाखच्या मातीच्या इमारती आणि बदललेला पाऊस

लेहमध्ये वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून साधारण १०० मिलिमीटर पाणी पडतं. मुंबईत जुलैच्या एखाद्या दमदार दिवसात तेवढं पडून जातं आणि लोक त्याबद्दल फक्त लोकलच्या संदर्भात बोलतात. हा आकडा समोर ठेवला की लेहच्या टेकडीवरचा नऊ मजली राजवाडा चारशे वर्षं कसा टिकला, हे कोडं अर्धं सुटतं. सतराव्या शतकात सेंगे नामग्याल राजाच्या काळात उभा राहिलेला हा वाडा खालच्या भागात दगडाचा आहे, वर उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा आणि लाकूड. छप्परं सपाट, तीही मातीची. तिथून खाली दिसणारी जुनी घरं, आसपासच्या गावांतले गोम्पा म्हणजे बौद्ध मठ, आलची गावातली चित्रांनी भरलेली मंदिरं, सगळ्यांचा जीव याच मातीत आहे.

या इमारती ज्यांनी बांधल्या त्यांनी आपल्या हवेचा हिशेब अगदी नेमका केला होता. पाऊस कमी, ऊन भरपूर, हवा कोरडी, हिवाळ्यात पडणारं बर्फ कोरडं आणि हलकं. आता हिशेबातली एक बाजू सरकली आहे. म्हणून आज मातीच्या जुन्या इमारती जपणं म्हणजे नेमकं काय करणं, हे नीट समजून घ्यायचं तर आधी माती उभी कशी राहते ते पाहावं लागेल.

भिंतीच्या मातीत तीन-चार गोष्टी असतात: खडे, वाळू, गाळ आणि चिकणमाती. खडे आणि वाळू म्हणजे सांगाडा. त्यांना धरून ठेवायचं काम चिकणमाती करते. तिचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही लहान आणि चपटे असतात. काचेच्या दोन तुकड्यांमध्ये पाण्याचा थेंब पडला की ते एकमेकांना घट्ट चिकटतात आणि ओढून सुटत नाहीत. चिकणमातीच्या चपट्या कणांमध्येही पाण्याचा पातळ पापुद्रा असाच ओढ धरून असतो. आपल्याला कोरडीठाक वाटणाऱ्या भिंतीतही एक-दोन टक्के ओल असते आणि तीच भिंतीला बळ देते. म्हणजे मातीचं पाण्याशी वैर नाही. पाण्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की मात्र कणांमधली ओढ संपते, कण एकमेकांवरून घसरू लागतात आणि भिंतीचा चिखल होतो. ही घसरण हळूहळू होत नाही. भिंत बराच काळ काहीच दाखवत नाही आणि मग एकदम बसते.

त्यामुळे मातीच्या इमारतीबद्दल विचारायचे प्रश्न दोन. पाणी आत किती जातं? आणि आत गेलेलं पाणी किती लवकर बाहेर पडतं? लडाखच्या कोरड्या हवेत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतकं चांगलं होतं की पहिल्याकडे थोडं दुर्लक्ष झालं तरी चालून जायचं. संध्याकाळी सर आली, दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, भिंत पुन्हा कोरडी.

बदल नेमका कुठे झाला?

हवामानबदल म्हटलं की आपण सरासरी तापमानाचा विचार करतो. मातीच्या भिंतीला सरासरीशी काही देणंघेणं नाही. तिला फरक पडतो तो पाणी कोणत्या रूपात, किती वेगानं आणि कोणत्या महिन्यात येतं याचा. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. मग पाऊस पडतो तेव्हा तो जोरात पडण्याची शक्यता वाढते, एरवी वर्ष कोरडं गेलं तरीही. हिमालयाचा पट्टा जगाच्या सरासरीपेक्षा वेगानं तापतो आहे, हेही आता पुरेसं स्पष्ट झालं आहे.

५ ऑगस्ट २०१०च्या मध्यरात्री लेह आणि आसपासच्या ओढ्यांना आलेल्या लोंढ्यांनी दोनशेहून जास्त माणसं नेली. चोगलमसर, साबू, फ्यांग ही नावं तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आली होती. त्या दिवशी लेहच्या हवामान केंद्रात नोंदला गेलेला पाऊस किती होता? जेमतेम १२.८ मिलिमीटर. ढग फुटले ते वरच्या दऱ्यांमध्ये, जिथे पर्जन्यमापक नव्हते. एका शहरातल्या एका मापकाच्या आकड्यावरून शंभर किलोमीटरवरच्या मंदिराच्या छपराचं भविष्य ठरवता येत नाही, हा यातला कामाचा भाग.

पण दरड आणि लोंढा ही दिसणारी संकटं झाली. माझ्या मते जुन्या इमारतींचा खरा घात त्याहून साध्या गोष्टीत आहे: बर्फाच्या जागी पाऊस येणं. लडाखमधलं घर असो वा गोम्पा, बर्फ पडलं की माणसं फावडी घेऊन छपरावर चढतात आणि ते वितळायच्या आत खाली ढकलून देतात. वर्षातलं बरंचसं पाणी असं छपरात न शिरताच निघून जायचं. पाऊस फावड्यानं ढकलता येत नाही. तो पडतो त्याच क्षणी छपरात शिरायला लागतो. वर्षाचा एकूण आकडा जिथल्या तिथे राहिला तरी छपराच्या वाट्याला येणारं पाणी असं वाढतं.

याला जोडून आणखी एक भानगड आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. ओल्या भिंतीतलं पाणी रात्री गोठलं आणि दुपारी वितळलं, की प्रत्येक वेळी गिलाव्याचा थर थोडा सुटतो. सगळा हिवाळा उणे पंधरावर स्थिर राहिला तर भिंतीला त्रास कमी. शून्याच्या आसपास वर-खाली होणारा, मधूनच ओला करणारा हिवाळा जास्त वाईट. ऊबदार हिवाळा माणसाला बरा वाटतो, गिलाव्याला नाही.

छप्पर

लडाखी छपराची रचना मराठवाडा, सोलापूर, खानदेशातल्या वाचकांना परकी वाटणार नाही, कारण ती धाब्याच्या किंवा माळवदाच्या घराची जवळची नातेवाईक आहे. खाली पॉपलरच्या तुळया. त्यावर विलोच्या सोललेल्या काटक्या दाटीनं मांडलेल्या. त्यावर गवत किंवा झुडपांचा थर, मग मातीचा जाड थर, आणि सगळ्यात वर मरकालक नावाच्या खास बारीक चिकणमातीचा लेप. मरकालक ओली झाली की फुगते, भेगा मिटवते आणि खाली पाणी जाऊ देत नाही. छोट्या सरीला हे पुरेसं आहे. दोन-तीन दिवस रिपरिप चालली तर मरकालकही भिजून संपृक्त होते आणि मग पाणी थेंबाथेंबानं काटक्यांपर्यंत उतरतं.

छप्पर गळलं की माणूस काय करतो? वर जातो आणि आणखी माती टाकतो. पुढच्या वर्षी पुन्हा. हा उपाय स्वस्त आहे, ताबडतोब लागू पडतो, आणि म्हणूनच घातक आहे. हिशेब करून पाहा. कोरड्या दाबलेल्या मातीचं वजन एका घनमीटरला साधारण १७०० किलो धरू. चार मीटर बाय पाच मीटरच्या एका खोलीवर फक्त दहा सेंटीमीटर माती वाढवली तर तुळयांवर ३४०० किलो, म्हणजे जवळपास साडेतीन टन बोजा वाढतो. ती भिजली की आणखी. तुळई वाकते, मधोमध खोलगट होतं, तिथे पाणी साचतं, गळती वाढते, म्हणून पुन्हा माती.

हे वजन किती महागात पडू शकतं ते महाराष्ट्राला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, सुमारे आठ हजार माणसं गेली. मेलेल्यांपैकी अनेकांच्या अंगावर कोसळलं ते माळवद: पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर देऊन जाड झालेलं मातीचं छप्पर, आणि खाली चिखलात बसवलेल्या गोल, बिनघडीव दगडांच्या भिंती, ज्यांना आडवी बांधणी अशी जवळजवळ नव्हतीच. त्यानंतर आपल्याकडे ‘माती म्हणजे मरण’ असा एक समज बसला. तो समजण्यासारखा आहे, पण कारण नेमकं सांगायचं तर ते डोक्यावरचं वजन आणि न बांधलेल्या भिंती. लडाखचा आणि शेजारच्या हिमाचलातल्या स्पितीचा प्रदेशही भूकंपाचाच आहे. स्पितीतला इ.स. ९९६मध्ये स्थापन झालेला ताबो गोम्पा १९७५च्या जानेवारीत किन्नौरच्या भूकंपात चांगलाच हादरला होता. पाऊस वाढला म्हणून छपरावर माती वाढवायची, आणि माती वाढली म्हणून भूकंपाचा धोका वाढवून घ्यायचा, अशी ही कात्री आहे. लडाखच्या वारशाबद्दल बोलताना पाण्याचं सगळे बोलतात, वजनाबद्दल फार कमी.

आफ्रिकेतल्या माली देशातही हेच घडलेलं आहे. जेन्ने गावची मोठी मशीद आजच्या रूपात १९०७मध्ये बांधली गेली. मातीच्या सर्वांत मोठ्या इमारतींत तिची गणना होते. दरवर्षी सगळं गाव जमून तिला नवा गिलावा देतं, भाताचं तूस घालून मुरवलेल्या चिखलाचा. भिंतीतून बाहेर डोकावणारे लाकडाचे दांडे शोभेचे वाटतात, पण त्यांवर पाय देऊनच गवंडी वर चढतात. देखभालीचं यापेक्षा चांगलं उदाहरण जगात शोधून सापडणार नाही. तरीही वर्षानुवर्षांच्या थरांनी इमारत जड होत गेली, आणि नोव्हेंबर २००९मध्ये एका दिवसात ७५ मिलिमीटर पाऊस झाल्यावर दक्षिणेकडच्या बुरुजाचा वरचा भाग कोसळला. दुरुस्तीच्या कामात जुने थर आधी उतरवण्यावर भर द्यावा लागला. नवा थर देण्याआधी जुना खरवडून काढायचा, हा नियम ऐकायला बिनमहत्त्वाचा वाटतो. करायला मात्र तो दुप्पट मजुरीचा आहे, त्यामुळे तो पाळला जात नाही.

छपराच्या गळतीचं आणखी एक बिल आतल्या भिंतीवर फाटतं. आलचीच्या सुमत्सेक मंदिरात आठशे वर्षांच्या आसपासची चित्रं मातीच्या गिलाव्यावर रंगवलेली आहेत. इतकी नाजूक की बोधिसत्त्वाच्या धोतरावर वेगळी छोटी चित्रं काढलेली. छपरातून पाणी झिरपलं की ते एकटं येत नाही, माती घेऊन येतं आणि चित्रांवर तपकिरी ओघळ सोडतं. ते ओघळ पुसायला गेलं तर रंगही पुसला जाण्याची भीती, कारण रंग बांधलेला असतो तो पाण्यात विरघळणाऱ्या सरसासारख्या पदार्थानं. छप्पर पुन्हा बांधता येतं, चित्र पुन्हा काढता येत नाही. म्हणून चित्रांचं संवर्धन करणारा शहाणा माणूस ब्रश हातात घेण्याआधी छपरावर चढतो.

सिमेंट का नको?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो योग्यच आहे. माती धुपते, सिमेंट धुपत नाही, मग वरून सिमेंटचा गिलावा देऊन मोकळं का होऊ नये? कारण माती आणि सिमेंट वेगवेगळ्या तालावर हलतात. ओल आणि उष्णतेनं माती फुगते-आकसते. सिमेंटचा थर ताठ असतो, त्याला तडे जातात. केसाएवढ्या तड्यातून पाणी आत शिरतं, पण बाहेर येताना त्याला सगळ्या भिंतीचं अंग मोकळं मिळत नाही. ते अडकतं. बाहेरून भिंत गुळगुळीत, राखाडी, मजबूत दिसते आणि आत ती भिजत असते. बऱ्याचदा सिमेंटचं कवच तसंच उभं राहतं आणि आतली भिंत खाली बसते. मातीचा गिलावा दर दोन-चार वर्षांनी धुपून जातो ही त्याची खोड नाही, तेच त्याचं काम आहे. भिंतीऐवजी तो झिजतो.

रसायनांचंही थोडंफार असंच झालं. मातीचा पृष्ठभाग कडक करणारे द्रव गेल्या शतकात अनेक देशांत पुरातत्त्वीय स्थळांवर फवारले गेले. कडक झालेला वरचा पापुद्रा आणि मऊ राहिलेली आतली माती यांच्यात फट पडून तो पापुद्राच, मूळ पृष्ठभागासकट, गळून पडल्याची उदाहरणं आहेत.

पत्र्याच्या छपराबद्दल मी तितका कडवा नाही. मातीच्या छपरावर अंतर ठेवून, हवा खेळती ठेवून, भिंतीच्या पुढे चांगलं बाहेर येणारं हलकं छप्पर घातलं तर ते मूळ छपराला वाचवू शकतं आणि उद्या काढूनही टाकता येतं. लडाखची सपाट छपरांची रेघ बिघडते, हे खरं. पण आठशे वर्षांची चित्रं आणि रेघ यांत निवड करायची वेळ आली तर मी रेघ सोडेन. घोटाळा होतो तो पत्रा घालून पन्हळी न लावल्यानं. सगळ्या छपराचं पाणी एका रेघेत भिंतीच्या पायाशी पडतं आणि वरचं दुखणं खाली जातं.

आणि पायथा हे स्वतंत्र दुखणं आहेच. जमिनीतली ओल भिंतीत वर चढते, फूट-दोन फुटांवर बाहेर पडून सुकते आणि सोबत आणलेला क्षार तिथेच सोडते. आपल्याकडे याला लोणा लागणं म्हणतात. क्षाराचे स्फटिक वाढताना मातीचे कण उचकटतात, भिंत पायाशी पोखरत जाते, आणि वरचा सगळा भार अरुंद झालेल्या पट्ट्यावर येतो. यात हवामानाचा हात असतोच असं नाही. लेहच्या जुन्या गावात गल्ल्यांना काँक्रीट केलं की जमिनीची ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती भिंतीतून वर येते. पूर्वीचे कोरडे संडास जाऊन हॉटेलांचे फ्लश आले, त्यांचे शोषखड्डे आले. पेरूमधल्या चान चान या मातीच्या प्राचीन राजधानीचंही तसंच आहे. १९८६मध्ये जागतिक वारसा यादीत आली त्याच वर्षी ती धोक्यातल्या वारशाच्या यादीतही गेली. तिथे एल निनोचा पाऊस वरून मारतो आणि भोवतालच्या सिंचनानं वाढलेली भूजलाची पातळी खालून. सगळं खापर हवामानबदलावर फोडलं की नळ, गटार आणि शेजारचं बांधकाम यांकडे बघायची गरज उरत नाही, ही सोय फार जणांना आवडते.

मग काम कसं चालतं?

बास्गो हे गाव लेहपासून पश्चिमेला, सिंधूच्या काठानं थोडं पुढे. टेकडीवर जुन्या राजवाड्याचे मातीचे अवशेष आणि मैत्रेयाची, म्हणजे भावी बुद्धाची मंदिरं. खालची टेकडीच ठिसूळ, छपरं गळकी. गावकऱ्यांनी समिती स्थापन केली, बाहेरच्या तज्ज्ञांना बोलावलं, पण कामाची सूत्रं स्वतःकडे ठेवली. राबणारे हात गावचे. २००७मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा संवर्धनाचा सर्वोच्च पुरस्कार या मंदिरांना मिळाला. पुरस्कारापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे की ज्यांच्या श्रद्धेची ती जागा आहे तेच पाऊस थांबल्यावर छपरावर काय झालं ते बघायला जातात. लेहच्या जुन्या गावातही तिबेट हेरिटेज फंड या संस्थेनं घरांच्या दुरुस्तीबरोबर गल्ल्यांची फरसबंदी आणि सांडपाण्याच्या नाल्या हाती घेतल्या, ते याच कारणानं.

प्रत्यक्ष काम फारसं देखणं नसतं. छपराचे फाजील थर उतरवायचे, कुजलेली तुळई बदलायची, उतार बोटभर वाढवायचा. पन्हळी लांब करायच्या, म्हणजे पाणी भिंतीपासून दूर पडेल. कठड्याच्या माथ्यावर झिजण्यासाठीच ठेवलेला थर द्यायचा. माती आणि काटक्यांच्या मधे पाणी अडवणारं आधुनिक कापड घालावं का, यावर मतभेद आहेत. घातलं तर माती पातळ ठेवता येते, वजन कमी होतं. पण कापड फाटलं तर गळती कुठून येते ते कळत नाही आणि खालचं लाकूड गुपचूप कुजतं. माझा कल वजन कमी करण्याकडे आहे, मात्र तुळयांची टोकं दरवर्षी कुणीतरी तपासणार असेल तरच.

‘कुणीतरी’ हाच अवघड भाग आहे. पूर्वी जे छप्पर चार वर्षांनी बघितलं तरी चालायचं, ते आता प्रत्येक मोठ्या पावसानंतर बघावं लागतं. नेमकं याच काळात तरुण पोरं टॅक्सी, हॉटेल आणि लष्कराच्या कामाकडे गेलेली. मातीचं काम स्वस्त, हा आणखी एक गैरसमज. माती फुकट आहे, ती मुरवणारा, तुडवणारा आणि थापणारा माणूस फुकट नाही. संरक्षित स्मारक असेल तर अंदाजपत्रक, निविदा, मंजुरी यांत एक पावसाळा सहज निघून जातो, आणि मातीच्या छपराला एक पावसाळा पुरतो.

आपल्याकडच्या पांढऱ्या मातीच्या गढ्यांना तर अशी कागदपत्रंही क्वचितच आहेत. मराठवाड्यात आणि नगर-सोलापूरकडे अनेक गावांत त्यांचे बुरूज अजून उभे आहेत. वाडा पडलेला, माथ्यावर पिंपळ आणि बाभळी, गावकऱ्यांनी शेतात टाकायला पायथ्याची माती उकरून नेलेली. तिथे लाखोंचा निधी येईपर्यंत करता येईल अशी कामं आहेत. मे महिन्यात माथ्यावरची रोपं, मुळं ओढून न काढता, बुंध्याशी कापायची. ओढली की बुरूजच उघडा पडतो. माथ्यावरचे खड्डे त्याच मातीनं भरून, भुस्सा घालून मुरवलेल्या चिखलाचा उतरता थर द्यायचा. पायथ्याशी साचणाऱ्या पाण्याला चर खणून वाट द्यायची, पण चर भिंतीला खेटून नको. पायथ्याची माती उकरणं थांबवायचं, हे ग्रामसभेत एकदा ठरवून घ्यायचं. आणि दरवर्षी पहिल्या पावसाच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास, त्याच जागेवर उभं राहून मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे, म्हणजे भिंत कुठे आणि किती सरकते आहे ते अंदाजानं सांगावं लागणार नाही.